पॉवर स्टिअरिंगची गळती : अख्खी रॅक बदलायची की कमी खर्चात भागेल?

सज्जा_पार्किंग
मंडळी, सल्ला हवाय. गाडी २००८ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किमी झालेली, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने मदत करणारं) पॉवर स्टिअरिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद 'ती गाडी घेतलीसच कशाला' असे येतील. पंधरा वर्षं झाल्यावर ५ हजार भरून पुनर्नोंदणी केली आहे, त्यामुळे भंगारात घालायचा विषय नाही.

त्रास असा : सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग वळवलं की घूं-घूं आवाज येतो, अर्ध्या तासाने कमी होतो. स्टिअरिंगच्या टाकीतलं ऑइल दर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या खुणेखाली जातं. फरशीवर लालसर डाग पडतात. सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून झाला.

सर्व्हिस सेंटरने पंप, रॅक (चाकं वळवणारा दांडा आणि त्याचं घर) आणि प्रेशर पाइप असा 'पूर्ण सेट' सांगितलाय. मजुरी आणि अलाइनमेंट धरून २८ हजार. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो ६ हजारांत रॅक ओव्हरऑल (खोलून दुरुस्त) करून देतो. मामेभाऊ म्हणतो मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून रॅक आण. गाडीची बाजारात किंमतच सव्वा लाख असेल. काय करावं?

रिकामा_डबा
ती गाडी घेतलीसच कशाला?

पान्हा_चौदाचा
:)) सज्जा, आधी एक सांगा, गळतंय नक्की कुठून? 'पूर्ण सेट' म्हणजे शोधायचा कंटाळा. या सिस्टिममध्ये ऑइल बाहेर पडायच्या जागा मोजक्या आहेत : पंपाचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग), प्रेशर पाइपचे क्रिम्प केलेले (दाबून आवळलेले) सांधे, रिटर्न पाइपच्या क्लिपा, रॅकवर पिनियनचं (स्टिअरिंगकडून येऊन रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकाचं) सील आणि रॅकच्या दोन टोकांची सीलं. यातल्या चार जागा पाचशे ते दोन हजारांत सुटतात.

ऑइल पाइपच्या कडेने वाहत येऊन भलत्याच ठिकाणी टपकतं, म्हणून खालचा थेंब बघून काही ठरवू नका. डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) मारून सगळं धुऊन कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा. पावडर जिथे आधी ओली होते ती जागा.

मग रॅकच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट (घडीघडीचे असतात ते) हाताने दाबून बघा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय. बूट कोरडे असतील आणि पिनियनपाशीही ओल नसेल तर रॅकला हातही लावू देऊ नका.

मधुरा_के
पान्हा यांना +१. माझ्याकडे हाच आवाज होता. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपची क्लिप सैल झाली होती. त्या बाजूला दाब नसतो, उलट पंप ओढत असतो, त्यामुळे ऑइल जेमतेम पाझरतं पण हवा आत जाते. टाकीचं झाकण उघडलं तर वर फेस दिसायचा. नवी क्लिप लावली, खर्च ४० रुपये.

घाटमाथा
फेसाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंजिन चालू असताना टाकीत बघा. फेस किंवा दुधाळ रंग असेल तर हवा. स्वच्छ लाल पण पातळी कमी, तर नुसती गळती. काळं आणि जळका वास, तर ऑइल बदलायला झालंय आणि तळाची जाळीसुद्धा तुंबलेली असणार. बहुतेक टाक्यांमध्ये तळाला बारीक जाळी असते. ती तुंबली की पंपाला ऑइल पुरत नाही आणि तो रडतो. लोक पंप बदलतात, नवा पंपही त्याच तुंबलेल्या टाकीवर जोडतात आणि सहा महिन्यांत तोही जातो.

निवांत_नाना
आमच्या काळी पॉवर स्टिअरिंगच नव्हतं. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर वळवून दंड कमावले. आजकालच्या पोरांना एका बोटाने गाडी वळवायची असते.

रिकामा_डबा
नाना, ते दंड आता धाग्यावर काढायला वापरा.

लेथवाला
कोल्हापूर उद्यमनगरातून लिहितोय. रॅकची कामं आमच्याकडं येत्यात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ओव्हरऑल म्हंजे काय, तर रॅक खोलायची, आतली सीलं, ओ-रिंगा, टेफ्लॉनच्या रिंगा बदलायच्या आणि परत बसवायची. सील किट हजार-बाराशेचं. पण काम टिकणार का नाही हे किटवर नसतंय, रॅकच्या दांड्यावर असतंय. बूट फाटला की आत पाणी आणि माती जाती, दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडत्यात. दांडा पुसून त्यावरनं नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील चार महिन्यांत फाटणार, मग मेकॅनिकला शिव्या घालून उपयोग नाही. अशा दांड्याला हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर) करून ग्राइंड करून घ्यावं लागतंय. ते करणारी माणसं हायत, पण क्रोमचा खर्च आला की हिशेब बदलतोय.

दुसरी गोष्ट, पिनियनच्या वर जो व्हॉल्व्ह असतो त्याच्या टेफ्लॉन रिंगा घराला घासून चर पाडत्यात. मग ऑइल बाहेर न गळता आतल्या आत निसटतंय. लक्षण असं की सकाळी थंड असताना एका बाजूला स्टिअरिंग जड आणि गरम झालं की हलकं. हे सील किटनं बरं होत नाही. सज्जाभाऊ, तुमचं सकाळी *जड* हाय का नुसता *आवाज* हाय? दोन्हीत लई फरक हाय.

आणि ओव्हरऑल करणाऱ्याला एकच विचारा : दाब देऊन टेस्ट करून देणार का? नुसतं बसवून देतो म्हणला तर उठून या.

सज्जा_पार्किंग
लेथवाला, मनापासून धन्यवाद. जड अजिबात नाही, नुसता आवाज. शनिवारी पावडरचा प्रयोग करतो.

मधुरा_के
घरात पावडर कशासाठी नेताय हे आधी सांगून ठेवा.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे ही कामं बरेच जण ड्राइव्हवेवर स्वतः करतात, कारण मजुरी परवडत नाही. दोन सोयींचा हेवा वाटेल : एक, पार्ट्सच्या दुकानातून पुलर वगैरे अवजारं अनामत भरून नेता येतात, परत केली की पूर्ण पैसे परत. दोन, कारखान्यात दुरुस्त केलेली रॅक नव्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते, जुनी परत दिली की वर भरलेली रक्कमही मिळते. मी माझ्या जुन्या सेदानची तशीच बसवली. भारतात असं काही असतं का?

घाटमाथा
असतं, फक्त पावती नसते. रीकंडिशन केलेल्या रॅक शहरांतल्या दुकानांत बदलून मिळतात. जुनी द्या, दुरुस्त केलेली घ्या, वर चार-पाच हजार. वॉरंटी तोंडी.

सुरमई_फ्राय
कुर्ल्याच्या जुन्या रॅकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी तिथल्या सीएसटी रोडवरून दोनदा पार्ट आणलेत, आरसा आणि अल्टरनेटर, दोन्ही छान चालले. पण स्टिअरिंग रॅक आणणार नाही. ती अपघातात चेपलेल्या गाडीची नाही हे कशावरून? पुढून ठोकर बसली की दांडा केसभर वाकतो. डोळ्याला दिसत नाही, सील मात्र एकाच बाजूने झिजतं.

अस्सल_वाळवंट
असहमत. माझ्या गाडीत जुनी रॅक तीन वर्षं चालू आहे. बघून घ्यायची असते. दोन्ही टोकं धरून दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचा, कुठेही अडखळता कामा नये. बूट उलटून दांडा बघायचा. मागून धडक बसलेल्या गाडीचीच रॅक मागायची, दुकानदार बॉडी दाखवतो. नवी १७-१८ हजार, जुनी ४ हजार. पंधरा वर्षांपुढच्या गाडीत १८ हजार घालणं म्हणजे पडक्या वाड्याला सागवानी दार.

सुरमई_फ्राय
मागून धडक बसलेली गाडी दुकानदार दाखवतो, पण रॅक त्याच गाडीची आहे हे कोण दाखवतं?

अस्सल_वाळवंट
ताई, माझ्यासमोर खोलली.

सुरमई_फ्राय
मग ठीक. तेवढा दिवस घालवायची तयारी असेल तर घ्या. रिक्षात टाकून घरी पाठवलेली घेऊ नये, इतकंच माझं म्हणणं.

पान्हा_चौदाचा
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मूळ प्रश्न अजून 'रॅक लागते का' हाच आहे. धागा रॅकवर पळालाय.

बेळगावी_कुंदा
प्रेशर पाइपबद्दल माझा अनुभव. रबर आणि लोखंडी टोकाच्या सांध्यातून घाम यायचा. नवा पाइप साडेचार हजार, तोही ऑर्डर देऊन पंधरा दिवसांनी. एमआयडीसीत जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवणारी दुकानं असतात, तिथे गेलो. त्यांनी जुनी लोखंडी टोकं कापून ठेवली, मधलं रबर नवं घातलं आणि दोन्हीकडे क्रिम्प केलं. बाराशे रुपये, तासाभरात.

फक्त होज (मधला रबरी पाइप) निवडताना घाई करू नका. पूर्ण लॉकला (शेवटच्या टोकापर्यंत) स्टिअरिंग नेलं की पंपाचा दाब ७०-८० बारच्या पुढे जाऊ शकतो आणि ऑइल तापलेलं असतं. दोन तारांची वीण असलेला, तापमान आणि एटीएफ (स्टिअरिंगमधलं लाल ऑइल) दोन्ही सोसणारा होज मागा. रिटर्न पाइपला दाब नसतो, तिथे साधा पण ऑइल सोसणारा चालतो. बागेच्या नळीचा तुकडा लावलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती फुगली होती.

लेथवाला
कुंदाभाऊ, बरोबर. त्यात आणखी एक. मूळ पाइपात कधीकधी आत एक बारीक नळी असती, पंपाचा आवाज मारायला. तसा नसला की पाइप चांगला असूनही थोडा गुणगुणतोय. घाबरायचं नाही.

चकली_भाजणी
प्रश्न विचारते, हसू नका. ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंग ऑइल एकच ना? आमच्या पेट्रोल पंपावरच्या मुलाने ब्रेकचं टाकलं होतं.

पान्हा_चौदाचा
हसत नाही, उलट धावत जा! ब्रेक ऑइलने स्टिअरिंगची रबरी सीलं फुगतात आणि मऊ पडतात. ताबडतोब सगळं काढून दोनदा फ्लश करा (नवं ऑइल घालून आतून धुऊन काढा). बऱ्याच जुन्या भारतीय गाड्यांत लाल एटीएफ, म्हणजे डेक्सरॉन २ किंवा ३ चालतं. काही जर्मन आणि झेक गाड्यांमध्ये हिरवं सिंथेटिक ऑइल लागतं, ते वेगळंच रसायन आहे, त्यात लाल मिसळायचं नाही. काही कंपन्या स्वतःचं नाव दिलेलं ऑइल सांगतात. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेच घ्या. लिटरला चारशेच्या आसपास पडतं, यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

चकली_भाजणी
धावले. गाडी उभी करून ठेवली आहे.

घाटमाथा
फ्लश घरी करता येतो, चकली यांच्यासाठी लिहितो. पुढची दोन्ही चाकं जॅक-स्टँडवर उचला (नुसत्या जॅकवर नको). टाकीला येणारा रिटर्न पाइप काढा, टाकीचं ते तोंड बुचाने बंद करा आणि पाइपचं टोक बाटलीत सोडा. *इंजिन बंद* ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जुनं ऑइल बाटलीत येतं, दुसऱ्याने टाकीत नवं ओतत राहायचं. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा गेली. स्वच्छ रंग आला की पाइप जोडा, परत इंजिन बंद ठेवूनच दहा-पंधरा वेळा फिरवा, बुडबुडे थांबले की मग इंजिन सुरू करा. इंजिन सुरू करून फिरवण्याची घाई केली तर ऑइलचा फेस होतो आणि दोन दिवस तो बसत नाही.

टाकी सुटीच असेल तर ती काढून जाळी पेट्रोलने धुऊन वाळवा.

निवांत_नाना
बाटलीतलं ऑइल गटारात ओतू नका. भंगारवाला किंवा गॅरेज घेतं. (हा गंभीर सल्ला आहे.)

रिकामा_डबा
नाना गंभीर झाले, धाग्याची शंभरी भरली.

दर्यावर्दी_७
गोव्याहून. ऑइलमध्ये ओतून गळती थांबवायच्या 'लीक-स्टॉप' बाटलीबद्दल कोणाला अनुभव? दुकानदार म्हणतो रॅक काढायचीच गरज नाही.

लेथवाला
त्या औषधानं सील फुगतंय. कडक झालेलं, जरासं पाझरणारं सील असलं तर काही महिने भागतं. फाटलेल्या सीलाला काही होत नाही. पुढं खोलायची वेळ आली की सीलं लिबलिबीत झालेली असत्यात. गाडी विकायची असली तर टाका, चालवायची असली तर नको.

सुरमई_फ्राय
विकायची असली तर टाका?! घेणाऱ्याने काय पाप केलंय?

लेथवाला
ताई, तसं नव्हतं म्हणायचं… बरं, विकायची असली तरी नको.

पेठेतली_सून
माझं मत जरा वेगळं आहे. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही हे ठरवा. पंपाचं सील, पाइप, क्लिप, बेल्ट, इथे हवी तेवढी वाचवा. बिघडलं तर स्टिअरिंग जड होईल, तरी गाडी वळते, कारण चाकांशी जोड यांत्रिक असते. पण टाय रॉड एंड आणि आतला रॅक एंड (रॅक चाकाला जोडणारे सांधे) यांत पैसे वाचवू नका. ते सुटलं तर चाक हवं तिकडे जातं. पुण्यात नाना पेठेत एकाच गाडीचे टाय रॉड एंड तीन भावांत मिळतात, दिसायला सारखेच. मी ज्ञात कंपनीचा आणि बिलासकट घेते. नटला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून टोकं वाकवून घालतात ती) असेल तर नवी घालायची, जुनी सरळ करून परत घालणाऱ्या मेकॅनिककडे पुन्हा जात नाही.

मधुरा_के
आणि एंड काढताना आटे मोजून ठेवायचे. किती फेऱ्यांत निघाला तितक्याच फेऱ्यांत नवा बसवला की निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाते. त्यानंतर अलाइनमेंट पाहिजेच, पाचशे रुपये वाचवायला चार टायर घालवू नका.

अस्सल_वाळवंट
अवांतर : माझ्या मित्राच्या गाडीला एअरबॅग आहे. रॅक काढताना स्टिअरिंग मोकळं सोडलं, मेकॅनिकच्या पोराने खेळता खेळता गरागरा फिरवलं. आतली क्लॉक स्प्रिंगची पट्टी (हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली तार) तुटली. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. स्टिअरिंग सरळ करून सीटबेल्टने बांधून मगच खालचा जोड सोडायला सांगा.

पान्हा_चौदाचा
उत्तम मुद्दा. आणखी एक, रॅकवर एक मोठा अ‍ॅडजस्टिंग नट असतो. खडखड आली की मेकॅनिक तो आवळतात. खडखड जाते, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. घाटात ते फार धोक्याचं.

सज्जा_पार्किंग
पावडरचा निकाल आला. रॅकचे दोन्ही बूट आतून कोरडे! उजवा बूट एका घडीवर चिरलाय, पण दांडा चकचकीत, नख कुठेच अडकलं नाही. ऑइल येतंय दोन ठिकाणांहून : प्रेशर पाइपचा पंपाजवळचा क्रिम्प आणि पंपाच्या पुलीमागून. टाकीत बारीक फेसही दिसला. ओढणाऱ्या पाइपची क्लिप बोटाने फिरत होती.

बायकोने स्टिअरिंग फिरवलं. तिचं म्हणणं, पावडरीचा डबा तुम्ही आणून द्या.

पान्हा_चौदाचा
मग काम सोपं आहे. पंप खोलून शाफ्ट सील आणि ओ-रिंग बदला, आतल्या पात्या नि रिंगवर ओरखडे नसतील तर पंप चालेल. पाइप कुंदा म्हणाले तसा क्रिम्प करा. क्लिपा सगळ्या नव्या. चिरलेला बूट आजच बदला, दोनशे रुपयांचा बूट वाचवून १८ हजारांची रॅक गंजवू नका. बेल्टला तडे असतील तर तोही लगेहाथ. पुली निघालेलीच असते, वेगळी मजुरी पडत नाही.

लेथवाला
पंपाचं सील बसवताना शाफ्टवर कागद गुंडाळून त्यावरनं सरकवा, नायतर खाचेची धार सीलच्या ओठाला चिरती. शाफ्टवर सील बसतंय तिथं चर पडलेला दिसला तर सील मिलिमीटरभर पुढं-मागं बसवायला सांगा, म्हंजे ओठ कोऱ्या जागेवर बसतोय.

चकली_भाजणी
घाटमाथा, फ्लश केला, दोनदा. जुनं ऑइल विचित्र तपकिरी आलं. आता स्टिअरिंग ठीक आहे, गळती नाही.

घाटमाथा
सुटलात. महिनाभर टाकीची पातळी बघत राहा, सील खराब झालं असेल तर तेव्हाच दिसेल.

सज्जा_पार्किंग
अपडेट. गल्लीतल्या मेकॅनिकलाच दिलं, पण रॅक नाही, पंप दिला. तो जरा नाराज झाला, मग त्यानेच भोसरीतलं क्रिम्पिंगचं दुकान सांगितलं. पंप सील किट ४५०, पाइप १,३००, बूट २२०, बेल्ट ३८०, ऑइल दोन लिटर ८५०, क्लिपा शंभराच्या आत, मजुरी १,८००. टाकी मी स्वतः धुतली, जाळीवर काळा गाळ होता. आवाज गेला. टाय रॉड एंडचं बघितलं, डावीकडे थोडा खेळ आहे, तो पुढच्या महिन्याच्या पगारात.

पेठेतली_सून
डावीकडचा खेळ पगाराची वाट बघत नाही. हायवेला जाणार असाल तर आधी बदला.

सज्जा_पार्किंग
बरं. या आठवड्यातच करतो.

निवांत_नाना
एक शंका. आमच्या सुनेच्या गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे. डॅशवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. त्यात कुठलं ऑइल घालायचं?

मधुरा_के
नाना, त्यात ऑइलच नसतं, मोटर असते. आधी बॅटरी तपासा. बॅटरी कमकुवत झाली की व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर मदत बंद करून दिवा लावतो. मग अर्थिंगची तार आणि फ्यूज. ते ठीक असेल तरच स्कॅनर लावून टॉर्क सेन्सरकडे (स्टिअरिंगवरचा हाताचा जोर मोजणाऱ्या भागाकडे) जा. स्टिअरिंगचा अख्खा कॉलम (खांब) बदलायला सांगणाऱ्याकडे लगेच जाऊ नका.

निवांत_नाना
बॅटरी चार वर्षांची आहे.

मधुरा_के
मग लोड टेस्ट करून घ्या, बॅटरीच्या दुकानात बहुतेक वेळा फुकट करतात. दिवा लागतो तेव्हा हेडलाइट, एसी सगळं चालू असतं का तेही विचारा सुनेला.